दहापैकी किती?

...आणि वर सिस्टर हसून विचारतात, "दहापैकी किती?" अहो, किती म्हणजे? पोट कापून शिवलंय, आणि त्याला मार्क द्यायचे ते मी! तुम्हाला सांगते, शाळेपासून मार्कांसाठी जीव टाकत आलेली बाई मी, पण कमी मार्क पडावेत म्हणून झुरले ती ही पहिलीच वेळ. कारण सिस्टरचा नियम असा, की दुखणं चारच्या खाली आलं तरच उठवणार, आणि चालता आलं तरच लेकीकडे जाता येणार. लेक कुठे? कॉरिडॉरच्या पार टोकाला, काचेच्या खोलीत, जन्मल्याबरोबर श्वास जरा भरभर घेत होती म्हणून डॉक्टरांच्या नजरेखाली. मला एकदाच दाखवली, तीही मी अर्धवट गुंगीत असताना... मला एकीच्या दोन दिसल्या.

पहिल्यांदा विचारलं तेव्हा आठ म्हणाले. खरं तर नऊ होते, पण उगाच रडकी दिसायला नको. मग वाटलं, कमी सांगितल्यामुळे गोळीही कमी दिली तर? परत हाक मारून साडेआठ केले. सिस्टरनी अर्धा काही लिहून घेतला नाही.

त्या म्हणाल्या, गोळ्या चालूच राहतील, पण हात द्या इकडे. आणि तळहाताच्या मधोमध अंगठा रोवून दाबायला लागल्या. म्हणे हातावर सगळ्या शरीराच्या जागा असतात, ही पोटाची. मी शिकलेली बाई, मनात म्हटलं, रोग रेड्याला आणि औषध पखालीला, आणि यात रेडा कोण ते सांगायलाच नको! पण लेक टोकाच्या खोलीत असताना शिक्षण घेऊन काय करायचंय? सिस्टरनी बॉलपेनने फुली मारली, दर दोन तासांनी दहा मिनिटं दाबा म्हणाल्या आणि गेल्या.

आता माझ्या एका हाताला सलाईन, तेव्हा दुसरा दाबायला हात आणायचा कुठून? लावला नवऱ्याला कामाला. त्याने मोबाइलवर वेळ लावली, चेहरा बँकेच्या तिजोरीपुढे उभ्या असलेल्या माणसासारखा केला आणि सुरू झाला. शेजारून माझी आई, "जावईबापू, जोर लावा की जरा, पेरू निवडताय का?"

निवडता निवडता आठाचे सहा झाले. सहाचे पाच. माझा विश्वास बसेना, पण आकडा माझाच होता, अविश्वास दाखवणार कोणावर? दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर आल्या, दहापैकी किती, म्हणाल्या, हात उलटा करून पाहिला आणि थबकल्या.

"ही फुली कोणी मारली? हा तर खांदा."

झालं होतं काय, की नवरा स्वच्छतेचा भोक्ता. दर वेळी आधी माझा हात पुसायचा, फुली जायची, मग आठवेल तिथे नवी काढायचा, आणि ती सरकत सरकत पोहोचली करंगळीखाली! म्हणजे कालपासून हा माणूस माझा खांदा बरा करत होता, जो आयुष्यात कधी दुखला नव्हता. आई म्हणते, "तरीच पोरीचे खांदे सैल वाटले."

मग पाच कशाने झाले? गोळीने? कोणीतरी दहा दहा मिनिटं हात धरून बसल्याने? कोणास ठाऊक! नवरा अगदी पडेल चेहऱ्याने बसला होता. त्याला म्हटलं, "खांदा दाब, पोट दाब, हवं ते दाब. मला संध्याकाळपर्यंत तीन पाहिजेत."

संध्याकाळी सिस्टर दारात. दहापैकी किती? चार होते हो, खोटं कशाला बोलू... तीन म्हणाले. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि पायाने माझ्या चपला पुढे सरकवल्या.

पोटावर उशी धरून, वाकून, बेचाळीस पावलं. मोजली मी. नवरा चालता चालताही तळहात दाबतच होता, आता फुलीवर की कुठे, देव जाणे. आणि काचेपलीकडे, तुम्हाला सांगते, एकच होती. एवढीशी. छातीवर ठेवली तेव्हा श्वास माझाच भरभर चालला होता, तिचा नाही. दुखत होतं? होतं की! पण विचारायला कोणी आलं नाही.

परत येऊन पलंगावर टेकते न टेकते तोच सिस्टर, "दहापैकी किती?" मी तोंड उघडणार, तर नवऱ्याने आपला सुजलेला अंगठा पुढे केला.

"आठ."

पोट माझं, टाके माझे, आणि आठ याला! काय करता... म्हटलं, आण तो हात इकडे. तेव्हापासून दाबत बसलेय. फुली मात्र या वेळी मी मारलीय.