वहीच्या एका पानाची परवानगी

दोन हजार चोवीस साल, होळीला आठ दिवस, सुकेळी वाळवायला वर्षात याहून चांगलं ऊन नाही, आणि नेमकं तेव्हाच जर्मनीतल्या कुणा बाईला माझ्या वहीची चौकशी सुचली. भुईगावच्या, चौथी शिकलेल्या बळीरामच्या वहीची. वही माझी, अक्षर माझं, पेन माझं, आणि ही विचारते, परवानगी कुणाची?

तुम्हाला सांगतो, मूळ उद्योग आमच्या नातीचा, दिपिकाचा. ती आणि तिच्यासारखे देशोदेशीचे लोक मिळून एक प्रोग्रॅम बनवतात, हाताने लिहिलेलं मराठी वाचणारा. फुकट. कुणीही घ्या, उघडा, बदला, वाटा. त्याला वाचता येतं का हे तपासायला नमुन्याची पानं ठेवतात, त्यात हिने माझ्या वहीतलं एक पान टाकलं, केळी वाळवून सुकेळी कशी करायची ते लिहिलेलं. मला न विचारता. मला वाटलं, अक्षर वळणदार म्हणून घेतलं असेल... तर म्हणते, "आजोबा, त्याने हे वाचलं तर तो काहीही वाचेल." असा आमचा मान.

आता नव्या आवृत्तीआधी सगळं तपासणाऱ्या त्या जर्मनीतल्या बाईंचं म्हणणं काय? "प्रोग्रॅम तुमचा, तो खुशाल वाटा. पान दुसऱ्याचं आहे. लेखी परवानगी आणा, नाहीतर शुक्रवारी पान काढू." पान गेलं की तपासणी गेली, तपासणी गेली की दिपिकाचं वर्षभराचं काम नव्या आवृत्तीतून बाहेर. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही.

म्हटलं, दुसरं लिहून देतो. बसलो, लिहिलं, प्रोग्रॅमने एका झटक्यात वाचलं. "लक्ष देऊन लिहिलंत, आजोबा. उपयोग नाही." साठ वर्षांत पहिल्यांदा अक्षर बरं आलं, त्यातही नापास.

मग म्हटलं, आण तो कागद, करतो सही, वही माझी, अक्षर माझं, पेन माझं, घाबरतो काय? तर कागदावर छापलेलं, 'हा मजकूर माझा स्वतःचा आहे, दुसऱ्या कुणाचा नाही.'

हात थांबला.

मजकूर फर्डिनंडचा. पलीकडच्या वाडीतला. बावीस वर्षांपूर्वी त्याच्या ओटीवर बसून तो सांगत गेला, मी उतरवत गेलो, शब्द न् शब्द त्याचा. आमच्याकडे रीत आहे, ज्याने शिकवलं त्याच्या घरी सुकेळीची पहिली पुडी जाते. मी दिली नाही. पहिल्या वर्षी पाहुण्यांनी संपवली, दुसऱ्या वर्षी लाज वाटली, तिसऱ्या वर्षी राग आला, तोही त्याच्यावरच. का, ते विचारू नका. तेव्हापासून बोलणं बंद.

दिपिका हळूच म्हणाली, "करा ना सही. तिकडे कुणाला कळणार आहे?"

म्हटलं, "मला कळतंय ना. आणि न विचारता घ्यायची सवय घरात एकालाच पुरे."

वही माझी, अक्षर माझं... आणि तेव्हाच आठवलं, त्या दिवशी पेनसुद्धा त्याच्याच खिशातलं होतं. परत केलं होतं का? नाव नको.

गुरुवारी फर्डिनंडच्या घरी गेलो. आतून त्याची बायको बेला विचारते, "कोण आलंय?"

हा म्हणतो, "जर्मनीची चौकशी आलीय." गावात बातमी माझ्या आधी पोचलेली. चष्मा लावून कागद दोनदा वाचला. "बाई शहाणी आहे," म्हणाला. "हे कुणाचं, असं बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं."

मी कागद माझ्याकडे ओढला.

"वर लिही, सांगणारा फर्डिनंड, लिहिणारा बळीराम. आणि नीट लिही, मशीन नाहीये इथे वाचायला."

लिहिलं. खाली माझी सही केली. मग ओटीवर सुकेळीची पुडी ठेवली, आणि पुडीवर ते पेन.

त्याने त्याच पेनने सही केली, पेन खिशाला लावलं, पुडी आत नेली. मी घरी आलो.