तांबड्या दिव्याचा बल्ब

मेहकर स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर एक म्हातारे वायरमन आणि दूध थंड करणाऱ्या केंद्रातला त्यांचा जुना चेला बोलत होते.

"काय बे अकील, मोटर जळली म्हणे?"

"नाही, चिंतामणकाका. लोड वाढला तशी आपोआप बंद पडली. वाचली."

"मंग दूध काऊन नासलं? बंद पडली की तांबडा दिवा लागते ना?"

"मशीन चालू असल्याचा हिरवा दिवा गेला होता, तवा तांबड्याचा बल्ब काढून म्या त्याच्यात बसवला होता. तांबडा तर वर्षभर लागलाच नव्हता."

"पण हिरवा विझला, ते तरी दिसलं असंन?"

"दिसलं. वाटलं, बल्ब पुन्हा गेला. बाजूच्या मशीनच्या आवाजात आपली बंद पडली हे कळलं नाही."

"अन् ज्यांचं दूध होतं त्या बचतगटाच्या शरयूताई?"

"त्यांनी नासलेलं दूध ओतून दिलं, कॅन धुतले. जाताना विचारलं, 'उद्या आणू का?'"

"तू काय म्हटलं?"

"मशीन चालू होती काका, हिरवा लागेल होता. तरी म्हटलं, 'आधी तांबड्यात बल्ब बसवतो, मंग आणा.'"