पेटीत कुणाचे केस नसताना

मार्ता : नको, तिथे नको ठेवूस. माझ्या हाताजवळ नको.

गुन्नेल : अगं, कागदाची पुडी आहे नुसती. चावत नाही.

मार्ता : पुडीत केस आहेत, मावशी. घडी बघूनच कळतं. केसांना तू नेहमी दुकानातला उरलेला नाताळचा कागद वापरतेस.

गुन्नेल : उरतो तर वापरू नको? बस ना. अशी पाहुण्यासारखी उभी काय? कॉफी ओतली आहे. आज तरी घेशील?

मार्ता : आज घेईन. काल केसांचा शेवटचा दागिना विणून तुझ्या हातात दिला आणि आज सकाळी घरी केसांची पेटी उघडून पाहिली. तळाचं लाकूड दिसलं. त्या लाकडात एक गाठ आहे, डोळ्यासारखी. इतकी वर्षं माहीतच नव्हतं मला.

गुन्नेल : कुणाचे केस घरात असले की कॉफी सोडायची, हे तुझं तूच काढलेलं खूळ. तुझी आजी तर दागिने विणताना किटल्याच्या किटल्या रिचवायची.

मार्ता : आजीचा नेम आजीपाशी, माझा माझ्यापाशी. कुणाचं तरी माणूस गेलेलं असतं. त्याच्यासाठी आपण एवढंही सोडू नये? ...कपच फार गरम आहे गं. निवू दे जरा.

गुन्नेल : पाव घे तोवर. वेलदोडा घातलाय, तुला आवडतो तसा.

मार्ता : मावशी, शनिवारच्या बसने मी जातेय. तेच सांगायला आले.

गुन्नेल : जातेयस म्हणजे? मोरा गावाला? मग माझ्यासाठी दोरा आण.

मार्ता : नाही, ओलांड नावाच्या बेटावर. चर्चचं ते म्हाताऱ्यांचं घर आहे ना, तिथल्या स्वयंपाकघरात. तुला सगळं माहीत आहे. तिथल्या बाईंनी या वेळी स्पष्टच सांगितलंय. मागे दोनदा तुमच्यासाठी थांबलो, आता सोमवारी सकाळी आला नाहीत तर दुसरी बाई ठेवू.

गुन्नेल : आणि हे आज सांगतेस? मिडसमरचा सण तोंडावर आला, तळ्याकाठी बसगाड्या यायला लागल्या. दुकानाच्या काचेत कोण बसणार?

मार्ता : घोडे बसव. हेनिंगकाकांचे.

गुन्नेल : घोडे बघायला कोण थांबतंय? लाकडी घोडा विमानतळावरसुद्धा मिळतो. गाडी थांबते ती तुझ्यासाठी. गावचा तो लाल-हिरवा पोशाख, पुढ्यात गोल टेबल, टेबलाच्या कडेने केसांना लोंबणारी शिशाची वजनं, आणि तुझे हात. बघून आत येतात, मग फ्रिजवर लावायचं चुंबक घेतात, मेणबत्ती घेतात. पण थांबतात तुला बघून. बाहेरच्या पाटीवर काय लिहिलंय? केसांचे दागिने विणणारी इथली शेवटची बाई. उद्या ती पाटी मी गळ्यात अडकवून बसू का?

मार्ता : मागच्या उन्हाळ्यात एक बाई बाहेरून काचेवर टकटक करत राहिली. वर बघ म्हणाली, फोटो काढायचाय. मी बघितलं. मग दिवसभर वाटत राहिलं, टकटक केल्यावर मत्स्यालयातला मासासुद्धा बघत नाही.

गुन्नेल : एवढ्याशा गोष्टीला इतकं मनावर घेतात का?

मार्ता : एवढीशीच आहे. पण मला तिथे चुलीपुढे उभं राहायचंय, मावशी. कुणी बघणार नाही अशा जागी. सूप ढवळायचं, कुणाला तरी नेऊन द्यायचं. ते पितील आणि वाडगा रिकामा होईल. संपलं.

गुन्नेल : बरं बाई, जा. मी कोण अडवणारी? पण एवढी एक पुडी...

मार्ता : हेच. दर वेळी हेच. पहिल्यांदा जायला निघाले तेव्हा बॅग दारात होती आणि तू एलिनच्या आईची वेणी घेऊन आलीस. तळ्यात बुडून गेलेली, लेक्सांद गावची. दुसऱ्यांदा रूटच्या वारलेल्या छोटीचे केस. नाही म्हणायला तोंड उघडेना माझं.

गुन्नेल : मग ही बरोबर घेऊन जा. बेटावर काय बोटं चालत नाहीत?

मार्ता : दुसऱ्याचे केस घेऊन वाट चालायची नाही. आजीच्या आजीच्या काळी इथल्या बायका परमुलखात पायी जायच्या, पण केस तिथल्या तिथे घेत, तिथेच विणून देत आणि मोकळ्या हातांनी पुढे निघत. घरात आलेले केस दागिना होऊनच उंबरा ओलांडतात. हरवले तर दुसरे आणणार कुठून? ते माणूस परत केस वाढवायला येणार आहे का? म्हणूनच मी त्या पुडीला हात लावत नाहीये. हात लावला की घेतले.

गुन्नेल : ते मला माहीत आहे.

मार्ता : तुला माहीत आहे म्हणूनच तू ती कपाच्या कानाला टेकवून ठेवलीयेस.

(दारावरची घंटा वाजते.)

हेनिंग : दार उघडं टाकून बसलात होय? जंगलातले सगळे डास तुमच्याकडे जेवायला येतील. घोडे आणलेत. एकाचा डोळा तिरका झालाय, त्याला पुढे ठेव. असल्याला गिऱ्हाईक आधी मिळतं.

गुन्नेल : तिथेच ठेव, हेनिंग. आणि जा, मुकाट्याने. आम्ही बोलतोय.

हेनिंग : बोला की. मला मागच्या खोलीत माप घ्यायचंय. फडताळाला आणखी एक खण हवा म्हणालीस ना? मार्ता, पोरी, तुझ्या कृपेने माझी सुतारकी चाललीय हो. लोकांना घोडे हवेत, गुन्नेलला फळ्या.

मार्ता : माझ्या कृपेने कशी, काका?

हेनिंग : तुझाच माल ना सगळा? ब्रोच, कानातली, घड्याळाच्या साखळ्या. आहेत ते खण काठोकाठ भरले. मी हिला म्हटलं, विकायचं नसेल तर संग्रहालयात तरी दे, अंधारात कशाला कोंडतेस.

गुन्नेल : हेनिंग, तुझी टोपी गाडीत राहिली वाटतं.

हेनिंग : डोक्यावर आहे. ...का? हिला माहीत नाही?

मार्ता : कोणते ब्रोच, काका?

हेनिंग : मला काय कळतंय त्यातलं. मी लाकडातला माणूस.

मार्ता : एखादा तरी आठवत असेल.

हेनिंग : एक आहे पानासारखा. तांबूस केसांचा, अगदी बारीक, फुंकर घातली तर उडेल असा. त्याच्यावरची धूळ मीच पुसली होती, खणाची फळी बसवताना.

मार्ता : रूटच्या छोटीचा.

हेनिंग : अरे देवा. गुन्नेल, मी निघतो. माप... माप मी अंदाजाने घेईन. तो तिरक्या डोळ्याचा तेवढा पुढे ठेव.

मार्ता : दार लावून जा, काका. डास येतात.

गुन्नेल : ...मार्ता. अशी बघू नकोस गं माझ्याकडे.

मार्ता : रूट न्यायला आली नाही का?

गुन्नेल : रूट... रूट नव्हतीच.

मार्ता : आणि एलिन?

गुन्नेल : एलिनही नव्हती.

मार्ता : तिची आई?

गुन्नेल : एलिनच नव्हती, तर आई कुठली?

मार्ता : मग मी कुणाची वेणी सोड्यात उकळून धुतली? कुणाचे केस मोजून मोजून वजनांना बांधले?

गुन्नेल : माझ्या पुतणीचं सलून आहे ना मोराला. लांब केस कापायला मुली येतात, वेण्या तिथेच टाकून जातात. ती छोटी म्हणजे एक शाळकरी पोर होती. नाचायला जाते, केस आखूड हवे होते तिला. चांगली धडधाकट आहे.

मार्ता : देवाची कृपा.

गुन्नेल : मार्ता...

मार्ता : खरंच म्हणतेय. ती मुलगी जिवंत आहे, हे चांगलंच झालं. ...पण मी प्रत्येक गाठीला तिचं नाव घेतलं, मावशी. संध्याकाळची घंटा झाली की मेणबत्ती लावायची आणि त्या पोरीला म्हणायची, अंधाराला भिऊ नकोस. एलिनच्या आईसाठी तर अख्खा हिवाळा. तूच डोळ्यांत पाणी आणून म्हणाली होतीस, पाय घसरला की तिनेच उडी टाकली, कुणालाच कळलं नाही. मी देवाच्या दाराशी म्हटलं, तिला आत घ्या. काहीही असलं तरी आत घ्या. मी कुणासाठी दार ठोठावत होते?

गुन्नेल : मला काय ठाऊक, तू इतकं करतेस!

मार्ता : कॉफी सोडते हे ठाऊक होतं.

गुन्नेल : ...हो. ते ठाऊक होतं.

मार्ता : का केलंस?

गुन्नेल : सुरुवातीला यायची माणसं. खरीखुरी यायची. मग हळूहळू थांबली. आता लोकांच्या खिशात फोनमध्ये मेलेल्यांचे फोटो असतात, केस कोण ठेवतो? एक हिवाळा कुणीच आलं नाही. तू दारातून बर्फ झटकत आत आलीस आणि विचारलंस, मावशी, कुणी आलं का? तोंड बारीक झालं होतं तुझं. मी हो म्हणून गेले. एकदा हो म्हटलं. मग...

मार्ता : मग सोपं झालं.

गुन्नेल : मग तू बेटाचं काढलंस. तू गेलीस तर माझं दुकान म्हणजे चुंबकांचं कपाट. आणि दुकान जाऊ दे. हिवाळ्यात चार वाजता काळोख पडला की तुझ्या खिडकीतली मेणबत्ती दिसते मला इथून. ती नसली तर मी बोलू कुणाशी? घोड्यांशी?

मार्ता : हे सांगितलं असतंस, मावशी. एकदा तरी. कदाचित मी राहिलेही असते.

गुन्नेल : राहिली असतीस?

मार्ता : माहीत नाही. आता ते कळायचं नाही आपल्याला. ...म्हणजे माझी पेटी केव्हाचीच रिकामी होती. आणि मी तिच्याशेजारी राखण करत बसले.

गुन्नेल : कुठे निघालीस? कॉफी तरी...

मार्ता : घरी. आवरायचंय. आजीचं टेबल चर्चमध्ये ठेवून देईन.

गुन्नेल : थांब. जा, तुला जायचंय तर जा. मी अडवत नाही, शप्पथ. पण मार्ता, ही पुडी खरी आहे.

मार्ता : मावशी!

गुन्नेल : आता तू विश्वास कसा ठेवणार, मलाही कळतंय ते. मी तुझ्या जागी असते तर कप फेकून मारला असता. पण खरी आहे. मंगळवारी एक माणूस आला. दारातच उभा राहिला, पाटीकडे बघत. ही ठेवली आणि गेला.

मार्ता : कुठला होता?

गुन्नेल : नाही विचारलं.

मार्ता : फोन? पत्ता?

गुन्नेल : म्हणाला, पानगळीत येईन, होडी पाण्याबाहेर काढली की. बास. कुठली होडी, कुठल्या तळ्यातली, काही बोलला नाही.

मार्ता : परत देशील त्याला तेव्हा.

गुन्नेल : देईन. काय सांगून देऊ, ते तेवढं सांगून जा.

मार्ता : दुसरं कुणी विणेल. पलीकडच्या गावची ब्रिता...

गुन्नेल : ब्रिताला सुईत दोरा ओवायला नातवंडं लागतात आता.

मार्ता : बायको होती त्याची?

गुन्नेल : असेल. बहीणही असेल. काही बोलला नाही गं.

मार्ता : कशाने गेली?

गुन्नेल : माहीत नाही.

मार्ता : मुलंबाळं?

गुन्नेल : माहीत नाही म्हटलं ना.

मार्ता : तू काहीच विचारलं नाहीस? तू? टपाल घेऊन येणाऱ्याच्या सासूचे गुडघे कधीपासून दुखतात, ते सांगतेस तू.

गुन्नेल : विचारवेना. त्याने पुडी ठेवली आणि हात काढलाच नाही तिच्यावरून. मी कॅलेंडरकडे बघत उभी राहिले. नाताळच्या कागदात मी गुंडाळली ती नंतर. त्याने आणली होती ती भाकरीच्या पिशवीत.

मार्ता : एलिनच्या आईचा कोट कुठल्या रंगाचा होता, तेसुद्धा तुला माहीत होतं.

गुन्नेल : निळा. मोठ्या बटणांचा.

मार्ता : आणि हिचं काहीच नाही.

गुन्नेल : काहीच नाही. नाव तेवढं. जाता जाता, दाराकडे तोंड करून बोलला.

(मार्ता दाराकडे निघते आणि मध्येच थांबते.)

गुन्नेल : मार्ता? उभी का राहिलीस? बस चुकेल तुझी... शनिवारची म्हणतेय मी.

मार्ता : नाव काय म्हणाला?

गुन्नेल : सिगब्रित.

मार्ता : परत म्हण. सावकाश.

गुन्नेल : सिगब्रित.

मार्ता : पुडी दे इकडे. आणि हा कप तू घे, मावशी. मी तोंड लावलेलं नाही अजून.