नऊ रिकामे कॉल

— न्हाई हो भाऊ, बसा बसा, त्यात वाईट काय वाटायचं! पहिल्यांदा भेटलेलं माणूस असंच बघतं माझ्याकडं — हिला कुठं ऐकलंय, कुठं ऐकलंय. सांगू? तुमच्या फोनमधी. आजारपणात एक आकड्याचं बटण दाबून धरलं की ती बाई बोलते ना — 'नमस्कार, काय त्रास होतोय ते सांगा' — ती मीच. आसिफा. खरंच. घ्या, चहा घ्या, गार होऊन राह्यला. सर लोक मीटिंगमधी हायेत. मला म्हणले, राजूरकडून भारतभाऊ आलेत, कौसल्याबाईंचा मुलगा, त्यांच्याजवळ बस, चहा पाज, कागदावर सही घे अन् बराबर खालपर्यंत सोडून ये. एवढंच काम माझं, दोन मिनिटांचं. साखर खाली बसली का? हलवा ना, हलवा — पण तो चमचा कपाला वाजवू नका, भाऊ. न्हाई, काही न्हाई. डोकं दुखतं जरा.

तुमाला वाटत असंल, एवढी मोठी बिल्डिंग, एवढ्या काचा, अन् फोनवर एक जिवंत माणूस न्हाई यांच्याकडं. तसं न्हाई. दोन वर्षांखाली आमी मस्तगडला बियाण्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत बसत व्हतो. अकरा पोरी, सहा कॉम्प्युटर, एक पंखा, अन् संडासला जायचं तर खाली दुकानदाराकडं चावी मागायची — अन् तो मुद्दाम जोरात विचारणार, कशाला पाहिजे! माझा आवाज तिथंच मशीनमधी भरला. पंखा बंद करून, डोक्यावरून गोधडी घेऊन, बाहेरची रिक्षा ऐकू येऊ नये म्हणून. घामाघूम झाल्ते. अब्बांना लय कौतुक. घनसावंगीच्या जीपमधी बसले की ड्रायव्हरला फोन लावून ऐकवायचे — ऐक, याकूबची पोरगी बोलून राह्यली! मी म्हणायची, अब्बा, ती आजाऱ्याची लाईन हाये, खेळायची न्हाई. ते म्हणायचे, एकदाच, एकदाच. आता इथं तीन मजले, अडीचशे जण. नवा जिल्हा जोडला की केक कापायचा असा नियम. पहिल्या केकला आमी अकराच्या अकरा जणी रडलो. चौदाव्याला कुणी खुर्चीवरून उठलं पण न्हाई — हाताला क्रीम लागली की हेडफोन चिकट होतो, पुसायला वेळ कुणाला? ते बघा, तुमच्या डोक्यावर भिंतीला लिव्हलंय — 'प्रत्येक हाकेला ओ'. सोमेश्वर सरांनी लिहून घेतलं. आमचे मोठे सर ते. माणूस वाईट न्हाई, आधीच सांगते. माझ्या भावाच्या लग्नात आल्ते, खाली पंगतीत बसून जेवले.

काम काय असतं? सोपं हाये. मशीनला आपोआप काही कळत न्हाई, त्याला शिकवावं लागतं. लोकांचे जुने कॉल आमच्या कानात येतात, एकामागं एक, एकामागं एक, अन् आमी पुढं लिहायचं — ताप, छातीत कळ, बाळंतपण, साप. हजारदा लिव्हलं की मशीनला कळतं, असा आवाज आला की हे समजायचं, अन् इकडं गाडी पाठवायची. अन् पहिल्या दहा सेकंदांत शब्दच आला न्हाई, तर लिहायचं 'रिकामा'. झालं, पुढचा. लय येतात तसे. कुणाच्या खिशात बटण दाबतं, लेकरं खेळतात, एकदा तर बकरीनं लावला व्हता — न्हाई, खरंच, चावल्याचा आवाज येत व्हता! त्याच्यावर कोण वेळ घालवणार? एक क्लिप अडकली की बॅच अडकते, बॅच अडकली की नवा जिल्हा अडकतो, मंग पुण्याहून वरच्यांचे फोन सुरू. मी तर दहापर्यंत पण थांबत नव्हते. चार सेकंदांत सांगायची. सर सगळ्यांसमोर म्हणायचे, आसिफाकडं बघा, आसिफासारखं करा. माझं लिव्हलेलं म्हणजे गोल्ड — तसंच नाव हाये त्याला, गोल्ड. बाकीच्यांचं माझ्याशी जुळवून बघायचं, अन् मशीनला शिकवायचं ते माझं. घरी येऊन अम्मीला सांगितलं, मी गोल्ड झाले. ती म्हणली, मंग तुझ्या लग्नाला दागिने नको करायला!

तुमी हसले न्हाईत. बराबर हाये. काय हसणार.

हा कागद बघा मंग. ह्याच्यात एवढंच हाये, की त्या दिवशी दुपारी दोन वाजून सहा मिनिटांपासून दोन सत्तावीसपर्यंत तुमच्या आईच्या नंबरावरून नऊ कॉल आले. नऊमधी कुणाचाच आवाज न्हाई. म्हणून तक्रार मिटली. खाली सही. हे केलं की तुमच्या मागचा हेलपाटा संपला. रेकॉर्डिंग न्हाई भेटत हो — मला कळतंय तुमाला कशाला पाहिजे, आईचं शेवटचं काहीतरी — पण आवाजच न्हाई तर त्यात ऐकणार काय? रिकामे कॉल तसे बी महिन्यानं आपोआप पुसले जातात. तुमचे परवा पुसतील. तक्रार उघडी राहिली तर पुसता येत न्हाई, तोपर्यंत अडकून पडतात — म्हणून तर सही — जाऊ द्या. तुमी चाकणला कंपनीत, वहिनी कापूस वेचायला गेलेल्या, आई एकटी घरात जेवायला बसलेली, अन् उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यात तुमचा काय दोष? कुणाचा काय दोष? बिचाऱ्या डाव्या हातानं गलास ताटावर वाजवत राहिल्या, वाजवत राहिल्या —

काय? मला कसं माहीत?

कागदावर हाये ना. तुमीच लिव्हलं असंल तक्रारीत. दाखवा. इथं... 'सून पाच वाजता घरी आली'... 'तीन दिवसांनी दवाखान्यात'... 'डॉक्टर म्हणले, लवकर आणलं असतं तर'...

न्हाई लिव्हलेलं.

दार लोटून घेते जरा. बसा, भाऊ. उठू नका, पाया पडते. ऐकलेत मी. सकाळी सातला आले, कुणी यायच्या आधी, अन् नऊच्या नऊ ऐकले. पूर्ण. मशीननं दहा सेकंदांवर तोडलेले हायेत, त्यामुळं नऊ वेळा दहा सेकंद, बस्स, तेवढेच. आधी माझा आवाज — 'काय त्रास होतोय ते सांगा'. मंग ताट. टण टण टण टण, न थांबता. मंग परत मी — 'तुमचा आवाज येत नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.' अन् त्या करायच्या! भाऊ, मी म्हणलं म्हणून त्या परत लावायच्या! नऊ वेळा. नवव्याला ताट हळू झालंय. गलास सुटून घरंगळल्यासारखा आवाज हाये. अन् मी तशीच, तितकीच गोड — पुन्हा प्रयत्न करा.

थांबा, अजून पूर्ण न्हाई सांगितलं. हे तर मशीननं केलं म्हणून सुटता येतं ना. सगळे तेच म्हणून राह्यले, मशीननं तोडलं. आमचं शेत घरापासून लांब व्हतं, घनसावंगीच्या पुढं, नदीच्या अंगाला. तवा फोन कुठं? अम्मी — सुगराबी नाव तिचं — अब्बांना हाक मारायची परात वाजवून. थांबून थांबून वाजली तर जेवायला या. अन् न थांबता वाजली तर असाल तसे पळत या. सगळ्या शेजाऱ्यांना माहीत व्हतं, तुमच्याकडं बी असंल. व्हतं ना? बघा. रिजवानला, माझ्या भावाला, पान लागलं, साप चावला, तवा मी सात वर्षांची. अम्मीनं परात घेतली अन् अशी वाजवली, अशी वाजवली, की तिचा कोचा अजून तसाच हाये. अब्बा आले, पण त्यांच्या आधी तीन शेतांवरचे लोक आल्ते, एकजण तर बैल तसेच सोडून. भाऊ वाचला. ज्याच्या लग्नात सोमेश्वर सर जेवले ना, तोच.

मंग मला कळलं नसंल का? कळलं व्हतं! मस्तगडलाच, पहिल्या महिन्यात, असाच एक कॉल आल्ता माझ्या कानात. शब्द न्हाई, नुसतं भांडं, न थांबता. मी लिव्हलं — 'मदत'. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर चुकीची लाल खूण आली. सरांनी बोलावलं, प्रेमानं समजावलं, रागावून न्हाई — आसिफा, ह्याच्यात शब्द कुठं हाये? मी म्हणलं, सर, कुणीतरी बोलवून राह्यलंय. ते म्हणले, तू लय विचार करते. भांड्याचा आवाज म्हणजे घरातला गोंधळ, यादीत बघ. पोरी हसल्या. माझा नंबर त्या आठवड्याला पहिल्यावरून सहावर गेल्ता. अन् मी काय केलं? 'मदत' खोडलं. 'रिकामा' लिव्हलं. माझ्या हातानं. त्याच्यानंतर तसे किती आले, सांगू का? मोजले न्हाईत. पण दर वेळेस कळायचं, हे भांडं खोटं न्हाई बोलत. दर वेळेस हात आपोआप रिकामावर जायचा, दिवसेंदिवस जास्तच जल्दी. चार सेकंद म्हणलं ना मघाशी, मोठ्या तोऱ्यात? चार सेकंद कारण पाचव्याला मला रडू यायचं. अन् ते झालं गोल्ड. मशीन माझ्यावरूनच शिकलं, भाऊ. त्याला काय माहीत परात म्हणजे काय. मला माहीत व्हतं.

आता घरी अम्मीनं पातेल्यावर पळी आपटली तरी मी दचकते. परवा तर ओरडले तिच्यावर, नको वाजवू म्हणून. तिनं पळी खाली ठेवली. रविवारी घरचे सगळे शेजाऱ्यांच्या गाडीतून बाजाराला गेल्ते, मी एकटी. फोन घेतला, एकचं बटण दाबलं. तीच कोचा पडलेली परात काढली अन् वाजवली. मला बघायचं व्हतं, त्या आवाजात मी हाये, तर मला तरी कळतंय का. दहा सेकंद वाजवली. अन् माझाच आवाज माझ्या कानात म्हणला — तुमचा आवाज येत नाही. मी परत लावला. परत तेच. तिसऱ्याला मी परात टाकून बोललेच, मी आसिफा हाये, मी हाये, ऐक ना! तर ती म्हणते — 'धन्यवाद. आसिफा, काय त्रास होतोय ते सांगा.' मला सांगता येईना. तेव्हापासून मी स्वतःच्या आवाजात बोलले तरी वाटतं दुसरंच कुणी बोलून राह्यलंय, अन् मी आत ताट वाजवत बसलेय.

शिव्या द्या. थोबाडीत मारा. कौसल्यामावशींचं नाव घ्या अन् काहीतरी म्हणा... न्हाई म्हणायचं? बरं.

पेन खाली ठेवा. ठेवा म्हणते ना! सही करू नका. हा कागद घडी घाला अन् खिशात घाला. सही नसली तरी जुनी तक्रार हे आपल्याच हातानं मिटवतील, म्हणून खाली रस्त्यावर गेल्यावर तक्रारीचा नवा कागद लिहा, तुमच्या हातानं — नऊही कॉलमधी भांड्याचा आवाज हाये, तो आवाज म्हणजे हाक हाये, अन् हे कंपनीच्या माणसानं सांगितलं. माझं नाव लिहा. आसिफा याकूब. न्हाई, तुमाला कुणी विचारलं तर लपवू नका, लिहाच. उद्या सकाळच्या आत तो इथं देऊन पोच घ्या, म्हणजे परवा पुसता येणार न्हाई. अन् भाऊ, रेकॉर्डिंग हातात आलं की ते एकदाच ऐका. एकदाच बस्स. पण दहा सेकंद मावशींचे, पुढचा माझा आवाज आला की बंद करा. तो ऐकू नका.

सर आले वाटतं. हो सर. हो, या ना.

न्हाई सर, सही न्हाई झाली. ह्यांनी? ह्यांनी एक शब्द विचारला न्हाई सर, बिचारे आल्यापासून गप्प हायेत. बोलले ते सगळं मीच बोलले.

निघा भाऊ तुमी. खालच्या जिन्यावरचा लाईट गेलाय, कठड्याला धरून उतरा.