आमच्या पिकअपची खडखड

...हसा, हसा तुम्ही! पण मला एक सांगा, तुमच्या घरात कुठून तरी सारखा आवाज येतोय, खड खड खड, आणि कुठून येतोय तेच कळत नाहीये, तर जेवण गोड लागेल तुम्हाला? नाही ना? मग माझ्या गाडीतून येत होता हो! गाडी म्हणजे आमची पिकअप. जुनी. जुनी म्हणजे किती, तर स्पेअरपार्टवाला म्हणाला, "साहेब, हिचे पार्ट आता मिळत नाहीत." मी म्हटलं, "मग मिळतील तरी कुठे?" तर म्हणतो, "अशाच दुसऱ्या गाडीत." झालं! घ्या!

त्याचं काय आहे, आमच्या हिची नर्सरी आहे, फुलझाडांची. तिनं जागा घेतली तेव्हा मागच्या शेडमध्ये ही पिकअप उभी होती, आधीच्या मालकानं वाऱ्यावर सोडलेली. बॉनेटमधून वेल वर आलेला, सीटवर मांजर व्यायलेली, आणि मागे माल ठेवायच्या हौद्यात गुडघाभर पाला. ही म्हणाली, "भंगारवाल्याला बोलवा." आणि मी, नुकताच रिटायर झालेला माणूस, ऑफिसात उभ्या जन्मात स्टेपलरच्या पुढचं यंत्र न हाताळलेला, सहज म्हणून, अगदी सहज म्हणून बॉनेट उचललं... आणि तिथेच खलास झालो!

अहो, आत काय होतं म्हणून सांगू! एवढंसं पितळी नळकांडं, त्याला सुईच्या टोकाएवढं भोक, त्यातून पेट्रोल येणार, वरून हवा येणार, दोघांची गाठ नेमकी तिथे पडणार, आणि तेवढ्यावर हे टनभर लोखंड रस्त्यानं पळणार! सुईच्या टोकाएवढ्या भोकावर! आणि हे कुणी तरी बसून ठरवलंय हो. कुठल्या तरी टेबलाशी, चहा गार होतोय, घरून बोलावणी येतायत, आणि हा बसलाय भोक केवढं पाहिजे त्याचा विचार करत. काय डोकं असेल हो त्या माणसाचं!

हिला ओढत आणून दाखवलं. हिनं वाकून बघितलं, पदराला ग्रीस लागू न देता, आणि म्हणाली, "डोकं त्याचं आहे, हात तुमचे आहेत. काळजी मला हातांची आहे." पण बाई तशी मनानं मोठी. म्हणाली, "हे बघा, मला नव्या शाळेच्या बागेची ऑर्डर मिळालीय. एवढी मोठी ऑर्डर आजवर कधी मिळाली नव्हती. उद्घाटनाच्या सकाळी झाडं तिथे पोचली पाहिजेत, नाही पोचली तर पुढे मला कोणी दारात उभं करणार नाही. तोवर ही गाडी माल घेऊन निघाली तर ठेवा. नाही निघाली तर भंगार. मग माझ्याशी हुज्जत घालायची नाही." मी काय, मान डोलावली. आंधळा मागतो एक डोळा!

आणि मग मी जो त्या गाडीखाली शिरलो, तो जेवायलाच काय तो बाहेर. एकेक पार्ट काढायचा, रॉकेलमध्ये बुडवायचा, घासायचा, पुसायचा आणि बघतच बसायचं! डॅशबोर्ड काढला ना, तर त्याच्या मागच्या बाजूला, जिथे जन्मात कोणी बघायला जाणार नाही अशा ठिकाणी, पत्र्याच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या. कुणासाठी? मला सांगा, कुणासाठी? तर कधी काळी कुणाचा तरी हात तिथे जाईल आणि कापेल म्हणून! आणि इतक्या वर्षांनी गेला कुणाचा? माझा! ओळख ना पाळख, आणि त्यानं माझी बोटं सांभाळली. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. काय डोकं असेल त्या माणसाचं, आणि काय काळीज!

आता यात आमचे शेजारी. मी त्यांना सर्वज्ञ म्हणतो. हात मागे बांधून यायचे, गाडीखालून बाहेर आलेल्या माझ्या पायांशी बोलायचे. "काय, प्लग का?" नाही हो, ब्रेक. "तेच म्हणतोय मी, प्लग बघा." ब्रेकचा आणि प्लगचा संबंध काय? पण बोलायचं कुणाला, आणि तेही गाडीखालून!

तर गंज काढला, पत्रा ठोकला, रंग दिला. रंग म्हणजे असा रंग, की हौद्यात वाकून बघितलं तर आपली दाढी दिसावी. आणि एके दिवशी सेल्फ मारला... घर्र... घर्र... घर्र... धड! धड धड धड धड! चालू! अहो, चालू झाली! मी ओरडलो, ही पाण्याचा पाइप तसाच टाकून पळत आली, सर्वज्ञ म्हणाले, "बघा, प्लगच होता." म्हणा बापडे! मी तेव्हा कुणाच्याही पाया पडलो असतो.

आणि गल्लीत पहिली चक्कर मारायला निघालो, तर मागून... खड खड खड खड.

तेव्हापासून मला अन्न गोड लागेना. दारं काढून बसवली. काचांना रबर लावलं. सायलेन्सर बांधला. मागचा फाळका, तो हौद्याचा उघडता दरवाजा हो, तो उतरवून घरात ठेवला आणि चक्कर मारली. खड खड! मग सर्वज्ञांना हौद्यात आडवं केलं, कान पत्र्याला लावून. गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणलं. उठून बसले, कपडे झटकले आणि म्हणाले, "आवाज येतोय." अरे देवा! तो मलाही येतोय! आमची ही रोज संध्याकाळी विचारायची, "झालं का तुमचं?" मी म्हणायचो, "गाडी तयार आहे गं, फक्त आवाज राहिलाय." तर म्हणायची, "मला झाडं न्यायचीयत, कुणाला गाणं ऐकवायचं नाहीये." पण माझं मन घेईना. ज्या माणसानं माझी बोटं सांभाळली, त्याची गाडी मी खडखडत रस्त्यावर नेऊ? मी स्पष्ट सांगितलं, आवाज गेल्याशिवाय माल भरायचा नाही! तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि गुपचूप एक टेम्पो सांगून ठेवला.

उजाडली उद्घाटनाची सकाळ. झाडं पाणी मारून, मुळं बांधून फाटकाशी तयार, आणि टेम्पोवाल्याचा फोन, "वहिनी, सॉरी हां, मला दुसरं भाडं लागलंय." ही खाली बसली. कुंडीच्या कडेवरच बसली. एवढ्या वर्षांत मी तिला असं बसलेलं बघितलं नव्हतं. म्हटलं, "ऊठ. पिकअप काढतो." आणि लगेच पुढे म्हटलं, कारण जित्याची खोड, "फक्त आधी हौद्यात चादरी अंथरू या. रंगाला चरे जातील."

चादरी! तिनं पदर खोचला, खतमातीचं पोतं उचललं आणि... धप्प! माझ्या आरशासारख्या रंगावर! मी डोळे मिटले. धप्प! धप्प! मग कुंड्या, मग झाडं, मग फावडी, टिकाव, सगळं! "बसा," म्हणाली. बसलो. निघालो.

चौक गेला, चढ गेला, खड्डे गेले... आणि माझ्या लक्षात आलं. आवाज नाही! खडखड नाही! म्हटलं, संपलं! जे काही खडखडत होतं ते पडलं रस्त्यात! गचकन ब्रेक दाबला, उतरलो आणि पळत सुटलो मागे, रस्त्यावर वाकून शोधत. ही खिडकीतून अर्धी बाहेर, "अहो! अहो, उद्घाटन आहे! काय सांडलंय तुमचं?" आता काय सांगू तिला, आवाज सांडलाय म्हणून?

काही सापडलं नाही. परत आलो, रस्त्यावर उताणा पडलो आणि गाडीखाली बघितलं. आणि तुम्हाला सांगतो... मी उठायचंच विसरलो. मागच्या चाकांवर लोखंडाचे पाटे असतात ना, एकावर एक रचलेले, कमानीसारखे? रिकाम्या गाडीत सगळ्यात खालचा पाटा सुटा, हलता असायचा. मी शंभरदा बघितला होता, वाटायचं असाच असतो. आता वरून ओझं आलं, कमान दबली, आणि सगळे पाटे एकमेकांना असे घट्ट बिलगून बसले होते, की मध्ये कागद जाणार नाही! आवाज यायचा तो एवढ्याचाच हो! गाडीत काही बिघडलंच नव्हतं. तिच्या अंगावर ओझं नव्हतं, बस्स! त्यानं ती ओझ्यासाठीच बनवलेली, आणि मी तिला घासूनपुसून मोकळी फिरवत होतो. काय डोकं... काय डोकं असेल हो त्या माणसाचं!

गाडीखालूनच ओरडून हिला सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. निघायचं?"

पोचलो. वेळेत पोचलो! झाडं लागली, मुख्याध्यापिका बाईंनी दुसऱ्या इमारतीच्या बागेचं काम तिथल्या तिथे हिला दिलं. माझ्या रंगाला ओळखू न येण्याइतके चरे गेले, पण गाडी राहिली! भंगाराचं नाव नाही! आणि येताना रिकामी गाडी, खड खड खड खड, मी आपला आनंदानं पाट्यांची थोरवी सांगतोय, ते लोखंड कसलं, ती कमान कशी, आणि ही नुसती माझ्याकडे बघतेय. बराच वेळ बघत होती हो. मला वाटलं, कौतुकानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्या झाल्या तिनं माझ्या खांद्यावर खताचं पोतं दिलं. तेव्हापासून रोज देते. आता तर येणाऱ्या जाणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगते, "रिटायर झाल्यापासून यांची नुसती खडखड चालली होती. हल्ली अजिबात आवाज येत नाही."