दाराच्या रबराचा जोड

नाही उघडणार, डॉक्टर, ओढू नका — आतली कडी मीच काढून ठेवलीय, दाराचं पॅनल सुटं केल्याशिवाय रबर नीट बसत नाही ना, म्हणून. तुमच्या बाजूचंही नाही उघडणार आणि माझ्याही नाही. बाहेरून उघडतं. बाहेर बाबा आहेत, त्यांच्या हातात पाण्याचा पाइप आहे, त्यांचं झालं की ते उघडतील, एवढी साधी गोष्ट. बसा निवांत. निवांत म्हणजे — गुडघे जरा तिकडे घ्या, ही गाडीच मुळी दोघांनी खेटून बसायची, नावच साइड-बाय-साइड. तुम्हीच म्हणालात, मी पण बसते आत, माझी गाडी आहे, कुठून गळते ते मला बघू दे. मी नको म्हणालो होतो. म्हणालो होतो की नाही?

उकडतंय, हो. उकडणारच. लोक येतात आणि म्हणतात, सगळं बंद करून टाक — पाणी नको, चिखल नको, धूळ नको. बंद करायला काय अक्कल लागते, सीलंटची नळी घेऊन कुणीही बंद करेल. पण या गाडीचं इंजिन तुमच्या पाठीशी, सीटच्या मागे, ते तापलं की आच सगळी इथेच — बाहेरचं आत येऊ दिलं नाहीत, ठीक, पण आतलं बाहेर कुठून जाणार? म्हणून मागच्या पत्र्याला जाड चटई लावली, वायरींची भोकं एकेक करून बुजवली, आणि छताखाली मुद्दाम हवेला वाट ठेवली, जाळी लावून, पंखा लावून. ओढा ओलांडून तुम्ही गुरांकडे जाल तेव्हा पंखा चालू असेल, काही जाणवणार नाही. आज चाचणी म्हणून ती वाट टेपने बंद केलीय. टेप? — बाहेरून. हो, तीही बाहेरून.

थांबा, मी ठोकतो. काचेवर दोनदा ठोकलं की पाणी बंद, हे आमचं ठरलेलं, मी शाळेत होतो तेव्हापासूनचं — बघितलंत? हसले. हात केला मला. काच वाफेने पांढरी झालीय, नीट दिसलं नसेल त्यांना. पुसतो. बाबा — पाणी — बंद. — ऐकू नाही जात. काम इतकं चोख झालंय की आवाजसुद्धा बाहेर पडत नाही. म्हणजे — दिसलं त्यांना. दिसलं हो. ठोकणं म्हणजे काय, तेच आठवत नाहीये. आता सांगूनच टाकतो, तुम्ही डॉक्टर आहात, गुरांच्या का असेना.

हात अजून ठणठणीत आहेत त्यांचे. पण समोर कुठली गाडी उभी आहे, ते निसटतं. सगळा जन्म गेला बसगाड्यांच्या दारांवर — बसला पाणी वरून लागतं, म्हणून रबराची दोन टोकं जिथे जुळतात तो जोड खाली घ्यायचा. तुमची गाडी ओढ्यात उतरते, चाकाचा चिखल खालून उडतो, हिचा जोड वर हवा. मी वरच घेतला होता. सकाळी सीलंट आणायला गेलो आणि येऊन बघतो तर तुमच्या बाजूचं रबर काढून त्यांनी पुन्हा बसवलेलं — इतकं सुरेख, एक सुरकुती नाही — आणि जोड खाली. नाही, बोललो नाही. काय बोलणार? भिजला ना बूट? डावा? हं. तुम्ही बाहेर असतात तर मी कोरडं आहे म्हणून सांगितलं असतं आणि ते जेवायला गेले की रबर काढून सरळ करून ठेवलं असतं. असंच चाललंय आमचं. ते बसवतात, मी काढतो, मी बसवतो, आणि गिऱ्हाईक जाताना त्यांची पाठ थोपटून जातं.

तर एवढंच करा — दार उघडलं की ते विचारतील, आत पाणी आलं का. नाही म्हणा. मागे एका ट्रकवाल्याने त्यांना तोंडावर सांगितलं, आजोबा, तुमचा हात गेला आता. हत्यारं खाली ठेवली, घरात गेले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. बोलणं नाही, खाणं नाही, मी चमच्याने भरवायचो आणि ते मला अहो-जाहो करायचे. स्वतःच्या पोराला. मग मीच एक दिवस रबराचा तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवला, तो चाचपत चाचपत परत आले. माझी ताई म्हणते, म्हाताऱ्यांच्या संस्थेत ठेव. ताईला म्हणायला काय जातं. माझी बायको मुलीला घेऊन पुढे गेलीय, दुसऱ्या गावी, तिथे मला डेपोत जागा मिळालीय, घर बघून ठेवलंय तिने. रोज फोनवर तेच — बाबांशी बोललास का? बोलतो म्हणतो. मुलगी तर आता विचारतसुद्धा नाही. जीव घुसमटतो हो माझा इथे. या गाडीत नाही, या गाडीतून मी सुटेन — एकूणच.

कधीकधी वाटतं, कुणीतरी सांगून टाकावं पुन्हा, स्वच्छ शब्दांत. बसतील भिंतीकडे तोंड करून, आणि या खेपेला मी मांडीवर काही ठेवणार नाही. मग मी मोकळा. तुम्हाला आत बसू दिलं ना — नको म्हणालो, पण एकदाच म्हणालो. दार लावून घेताना मला ठाऊक होतं भिजणार ते तुमचाच बूट, आणि तुम्ही काही गप्प बसणाऱ्यातल्या नाही — छे. असं काही नाही. असं मी म्हणालोच नाही. उकाड्यात माणूस वाट्टेल ते बरळतो. तुम्ही नका बघू असं माझ्याकडे.

पाणी थांबलं. — बाबा, उघडा. इकडून, हो, आधी डॉक्टरांचं. उतरा, डॉक्टर, सावकाश, हवा घ्या जरा. — पाणी? आत? — डॉक्टर, ते तुम्हाला विचारताहेत. — बरं. मी सांगतो. आलं, बाबा. खालून आलं, बूट भिजलाय त्यांचा. माझ्या हातून झालं, जोड मी खाली घेतला. — हो. हो, ओढ्यात जाणारी गाडी आहे. वरच हवा होता, बरोबर आहे तुमचं. — नाही कळत मला अजून, खरंय. — आत्ताच काढताय रबर? काढा ना. मी असाच बसून राहतो, तुम्ही बसवा आणि मारा पुन्हा पाणी. — नाही हो, मला कुठे जायचंय? कुठेच जायचं नाही मला. — डॉक्टर, तुम्ही निघा. गाडी उद्या न्या. निघा म्हणतो ना. — लावा, बाबा, दार.