सासऱ्यांचं पाणी

अझात : गुलसून एजे, थोरली बहीण म्हणतो तुम्हाला, तरी दारातच ताटकळत ठेवणार का? चार वाजता नळयोजनेचे कागद ओश शहरातल्या कचेरीत जायचेत. बायकांतर्फे तुमची सही तेवढी राहिलीय.

गुलसून : आत या, चहा घ्या. सही मिळणार नाही.

अझात : अहो, सभेला तुम्ही होतात! नळाचं पाणी शाबदानच्या झऱ्यावरून आणू का, तीनदा विचारलं मी. सगळे हो म्हणाले.

गुलसून : हळू. सासूबाई आत आहेत. आणि सगळे म्हणजे पुरुष. ते जूनमध्ये मेंढरं घेऊन वर कुरणात जातात, उतरतात सप्टेंबरात. ऑगस्टात झरा आटतो, हे काय त्यांना स्वप्नात दिसणार?

अझात : आटतो? मग बायका तोंडाला कुलूप लावून का बसल्या?

गुलसून : मी उभी राहून सांगितलं होतं, "आमच्या सासऱ्यांचं पाणी ऑगस्टात रुसतं." काय लिहून घेतलंत?

अझात : थांबा, बघतो. ...'घरगुती तक्रार.'

गुलसून : शाबास.

अझात : पण झऱ्याचं सरळ नाव घ्यायचं ना!

गुलसून : सून सासऱ्याचं नाव घेते का? त्यांनी खणून मोकळा केला तो झरा, म्हणून त्यांच्या नावाचा. अख्खं गाव एका कुळाचं, आम्ही सगळ्या त्यांच्या सुना. तुमच्या घरी काय वेगळं आहे?

अझात : नाही. माझी आईसुद्धा आजोबांचं नाव घेत नाही. लाज वाटते, एजे, डोक्यातच आलं नाही.

गुलसून : चाळीस घरांना नळ द्याल, आणि ऐन ऑगस्टच्या उन्हाळ्यात त्यातून वारा येईल. गाढवावर कॅन लादायला पुन्हा आम्हीच.

अझात : मग बारमाही पाणी कुठं आहे? नाव नको. हा नकाशा घ्या, दाखवा.

(गुलसून वाडग्यातला वाळवलेल्या दह्याचा गोळा उचलून नकाशावर ठेवते.)

अझात : इतक्या वर? तीन किलोमीटर पाइप वाढला. साहेब मला फाडून खातील.

गुलसून : तुम्हाला एकदाच खातील. आमचा ऑगस्ट दरवर्षी येतो.

अझात : ...बरं. कागद आज जात नाहीत. शुक्रवारी पुन्हा सभा घेतो. पण पुरुषांसमोर तुम्हाला बोलावं लागेल.

गुलसून : आधी नकाशावरचं त्या आटणाऱ्या झऱ्याचं नाव खोडा.

अझात : आणि काय लिहू?

गुलसून : 'सासऱ्यांचं पाणी.'

अझात : सरकारी नकाशावर?

गुलसून : हो. म्हणजे मला तो सगळ्यांसमोर वाचता येईल.